दहातला दुसरा

धर्माचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. अधारतालचा आमचा शेजारी डॅनियल पेणकर ज्यू आहे, पण देव मानत नाही. बापाच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात, अन् ठाण्याचे नातेवाईक गाडीत अडकलेले. डॅनियल नुसता येरझारा घालून राहिला होता.

मी म्हटलं, "मला दहात धर."

"तू ज्यू नाही."

"तू तरी स्वतःला ज्यू काहून म्हणवतो? देव तर मानत नाही."

"मी जन्मानंच आहो."

"अच्छा, म्हणजे जातच झाली! आम्ही बौद्ध झालो तरी लोक जात विचारतात, अन् तू देव सोडूनही ज्यूच?"

आतून त्याची आई कडाडली, "डॅनियल, बाबांना खांदा देताना विचारलं होतं काय याला, तू कोण म्हणून? धर त्याला. दोन झाले, आठ राहिले."