पप्पांना मारलेली हाक

आफ्रिकेहून ओमानमधल्या सीबला घरी परतल्यापासून सगळे सिंहाबद्दलच विचारतात, पण खरी गंमत सफारीनंतर झांजिबारच्या समुद्रात झाली. प्रवाळ बघताना माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं. एरवी माझा आवाज फुटत नाही, पण तेव्हा मी किंचाळले, "पप्पा! पप्पा!"

पप्पांचे ओमानी मित्र सालेम अंकल झांजिबारलाच वाढलेले. ते बोटीतून ओरडले, "पापा? यल्ला, सब ऊपर आओ!"

सगळे धडपडत बोटीत चढले. मला अंकलनीच शेवटी वर ओढलं. "पापा किधर देखा?"

"मैं... मेरे पप्पा को बुला रही थी."

अंकल हसतच सुटले. तिथल्या स्वाहिलीत पापा म्हणजे शार्क.

आई पप्पांकडे वळली. "अहो, पोरगी तुम्हाला हाक मारत होती, आणि तुम्ही सर्वांत आधी बोटीत?"

पप्पा शांतपणे म्हणाले, "तिला वर ओढायला कुणीतरी वर नको का?"