राजेळीला हाक

तुळशीदास : म्हणजे मी जायचं, नेहमीसारखी हाक मारायची, आणि ती धावत आली की तिच्यापुढे फटाके फोडायचे. बरोबर ना? का अजून काही सांगायचं राहिलंय?

नेत्रा : पत्र्याचे डबे बडवायचे. पाण्याचा फवारा आमची माणसं मारतील. तुम्ही जाळीसमोर उभं राहायचं, बाबा. हे तुम्ही केलंत, हे तिला दिसायला हवं.

तुळशीदास : जनावरांची डॉक्टर झालीस ती यासाठी? बापाला असली कामं सांगायला?

सुभद्रा : कोनापुढे फटाके फोडताय? मी आले वालाच्या शेंगा द्यायला, आनि बापलेकींची इथं दिवाळी चाललीय.

नेत्रा : ये आत्या, बस. राजेळीबद्दल बोलतोय.

सुभद्रा : ती बिबटी? आहे अजून?

तुळशीदास : नसायला काय झालं? दोन वर्षांची झाली. तुझ्याच केळीत सापडली, ताई, आणि तू एकदा बघायलासुद्धा आली नाहीस.

सुभद्रा : बघायला काय, बाळंतीन होती? सापडली तेव्हा मांजराएवढी होती. तिची आई हायवेवर गाडीखाली गेलेली, ही भुकेनं ओरडत होती. मी शेळीचं दूध काढून दिलं, तू पाजलंस. तिथं माझा संबंध संपला.

तुळशीदास : राजेळी केळ्यांचा घड उतरवत होतो. खाली बघतो तर बुंध्याशी हा एवढासा गोळा. पिकलेल्या राजेळीसारखे ठिपके अंगावर. दुसरं नाव सुचणार तरी काय?

नेत्रा : आमच्या वन्यप्राण्यांच्या केंद्रात नाव ठेवायला मनाई आहे. पण आता आमचे मोठे साहेबसुद्धा मीटिंगमध्ये राजेळीच म्हणतात.

सुभद्रा : साहेबांचं राहू दे. तिला भिववायची का, ते सांग. सुखानं खाते, झोपते.

नेत्रा : तिला सोडायचं ठरतंय, आत्या.

सुभद्रा : कुठं?

नेत्रा : तुंगारेश्वरच्या डोंगरात.

सुभद्रा : माझ्या घराच्या मागं.

नेत्रा : घराच्या मागं नाही. वर, आत, दाट रानात.

सुभद्रा : बिबट्याला वर नि खाली कोनी शिकवलं? तुझ्या त्या मीटिंगमध्ये माझ्या गावचं कोन होतं?

नेत्रा : गावाशी बोलणी होणार आहेत. मी आधी इथं आले.

सुभद्रा : आचोळ्याला टॉवरमध्ये राहनारे टीव्हीवर म्हनतात, प्रान्यांना जगू द्या. द्या ना! बिबट्या काय त्यांच्या लिफ्टनं वर जानार आहे? तो येनार माझ्या गोठ्यात.

तुळशीदास : तुझ्या डोंगरात आधीपासून आहेत की ताई. तू नवी नवरी होऊन गेलीस तेव्हाही होते.

सुभद्रा : आहेत. मी नाही कुठं म्हनतेय? कुत्रा नेतात, कधी शेळी नेतात. पन मानूस दिसला की वाट सोडतात. आपनही त्यांची वाट सोडतो. शेजारी म्हनून चाललंय आमचं. ही तर तुझ्या हातचं खाऊन वाढलेली. ही कुठली वाट सोडते?

नेत्रा : आत्या, तेच. नेमकं तेच.

सुभद्रा : काय तेच?

नेत्रा : आम्ही तिला सोडायच्या हिशोबानंच वाढवली. खाणं आडोशामागून टाकायचं, तिच्याजवळ बोलायचं नाही, हात लावायचा नाही. शिकार करायला शिकली. माणूस दिसला की गवतात दडते. सगळं नीट चाललं होतं. फक्त दर रविवारी बाबा डबा घेऊन यायचे.

तुळशीदास : कोंबडीची मुंडकी. कधी बोंबील.

नेत्रा : आणि जाळीशी उभे राहून हाक मारायचे.

सुभद्रा : याला आत सोडलं कोनी?

नेत्रा : मी. दुसरं कोण सोडणार?

सुभद्रा : डॉक्टर तू! तुला कळत नव्हतं?

नेत्रा : कळत होतं. पण आई गेल्यावर यांनी अंथरूण धरलं होतं, आठवतंय ना? वाडीत पाय टाकत नव्हते. मोगरा सुकून गेला. पहिल्यांदा तिला बघून घरी आले, आणि आपणहून ताट मागितलं. आई गेल्यापासून पहिल्यांदा. मग पुढच्या रविवारी मी नाही कशी म्हणू?

तुळशीदास : झालं ते झालं. आता माझं ऐका. ठेवा तिला पिंजऱ्यात. जागा मोठी आहे, झाड आहे, पाणी आहे. मी येत जाईन. कोणाला त्रास नाही.

सुभद्रा : देवा! जन्मात पहिल्यांदा तुझं नि माझं एकमत झालं बघ.

नेत्रा : कसलं एकमत? तुला तुझ्या शेळ्या वाचवायच्यात, बाबांना त्यांचा रविवार वाचवायचाय.

तुळशीदास : तोंड सांभाळून बोल.

नेत्रा : चुकलं. पण खोटं नाही बोलले.

सुभद्रा : मग तुझं काय म्हननं? सांग तरी.

नेत्रा : ती जाळीच्या कडेनं चालते, आत्या. दिवसभर. इकडून तिकडे, तिकडून इकडे. तिथं गवत उगवायचं थांबलंय. पंजे सोलवटतात, मी मलम लावायला गुंगी देते, बरे होतात, पुन्हा चालते. मोठी जागा म्हणतात बाबा. आपल्या माणसाला मोठी. तिला काय?

तुळशीदास : मी येतो तेव्हा नाही चालत. बसते शांत.

नेत्रा : तुम्ही येता तेव्हा. आणि गेल्या महिन्यात तुम्हाला ताप होता, दोन रविवार चुकले. ते तुम्हाला मी सांगितलं नाही.

तुळशीदास : काय?

नेत्रा : ती जाळीच्या त्या कोपऱ्यात बसून होती. तुम्ही उभे राहता तिथं. सकाळपासून अंधार पडेपर्यंत. खाणं टाकलं तर उठली नाही. तिला बकरा टाकला होता, बाबा, बकरा. त्याच्याकडे बघितलं नाही.

तुळशीदास : हे मला सांगायचं होतंस.

नेत्रा : सांगितलं असतं तर तापात उठून आला असतात. तुम्ही सदुसष्ट वर्षांचे आहात. ती अजून पंधरा-सोळा वर्षं जगेल. शेवटच्या रविवारी तिला कोण जाऊन सांगणार, की आता वाट बघू नकोस म्हणून?

(तुळशीदास उठतो, अंगणातल्या विहिरीपर्यंत जातो, रिकामी कळशी उचलतो आणि तशीच खाली ठेवून परत येतो.)

सुभद्रा : असं बोलतात का बापाला?

नेत्रा : मग कसं बोलू, तू सांग. मला नाही येत दुसरं.

तुळशीदास : बोलू दे तिला. ताई, पाणी पी. मी आणायला गेलो आणि विसरलो.

सुभद्रा : पानी राहू दे. मला एक सांग नेत्रा. एवढी हुशार मानसं आहात, तर फटाके तुम्हीच फोडा. याला कशाला ओढता?

नेत्रा : आम्हाला ती भितेच. भित नाही ती त्या हाकेला. गेल्या आठवड्यात कुंपणाबाहेर एक बाई गवत कापत होती. तिची शेळी लांब गेली, म्हणून तिनं हाक मारली. ये गो, ये ये ये. आणि राजेळी गवतातून उठून धावत जाळीपर्यंत आली. त्या बाईला तिनं आयुष्यात बघितलं नव्हतं.

सुभद्रा : ती तर आमची हाक.

नेत्रा : हो.

सुभद्रा : आमच्या आईची. आई वासराला मारायची, शेळ्यांना मारायची, आम्हाला पन तीच. तुळशी, तू त्या बिबटीला ही हाक मारलीस?

तुळशीदास : दुसरी येतेच कुठं मला?

सुभद्रा : अरे, रिद्धी माझी रोज संध्याकाळी तीच हाक मारते! चार वर्षांची पोर. डोंगराकडे तोंड करून उभी राहते, ये गो, ये ये ये. शेळ्या तिच्या हाकेनं जास्त येतात, म्हनून मी तिलाच पुढं करते. आनि तू...

तुळशीदास : मला काय माहीत होतं ताई?

सुभद्रा : नाही, नाही. नेत्रा, हे सोडायचं-बिडायचं मनातून काढ. मी गाव गोळा करीन. गाड्या अडवीन तुमच्या. माझ्या नातीच्या हाकेला शेळी यायची का बिबट्या, ते मी बघत बसू?

नेत्रा : म्हणून तर आले, आत्या. आता ऐक. ती ह्या हाकेला घाबरली, तरच सुटेल. नाहीतर नाही. तसा कागदच झालाय. ती हाक ऐकून पळाली पाहिजे, तीसुद्धा बाबांच्या तोंडची. बाबांच्या हाकेला पळाली, तर जगात कोणाच्याही हाकेला पळेल.

सुभद्रा : रिद्धीच्या पन?

नेत्रा : रिद्धीच्या पण. ती हाक कानावर पडली की तिनं डोंगराची दुसरी बाजू धरायला हवी.

सुभद्रा : आनि नाही पळाली तर?

नेत्रा : तर जन्मभर पिंजरा. मी स्वतः सही करीन. तुझ्या नातीवर मी जुगार खेळेन, असं वाटलं तुला?

सुभद्रा : तसं नाही गं. पन तुम्हा लोकांचं शिक्षन एक म्हनतं आनि उद्या साहेब बदलला की दुसरं म्हनतं.

नेत्रा : आताही दोन म्हणतातच. एक साहेब म्हणतात, रानातलं जनावर रानात गेलंच पाहिजे, हायवेनं डोंगर कापल्यापासून तिथं किती उरलीत? दुसरे म्हणतात, माणसाच्या हातचं वाढलेलं जनावर सोडणं म्हणजे खून, तिचा नाहीतर कोणाचा तरी. मी दोघांचं ऐकते आणि मला दोघांचंही पटतं. झोप लागत नाही मला, आत्या.

तुळशीदास : दुखेल तिला?

नेत्रा : अंगाला नाही.

तुळशीदास : किती वेळा करायचं?

नेत्रा : हाक ऐकून उलटी पळेपर्यंत. पहिल्यांदा पळेल, पण पुन्हा येईल. तिला वाटेल चुकून झालं. दुसऱ्यांदाही येईल.

सुभद्रा : कुत्र्याचं तसंच असतं. लाथ घाला, पुन्हा शेपटी हलवत येतो.

तुळशीदास : ताई, तू गप बस जरा.

सुभद्रा : मी तुझ्यासाठीच बोलतेय रे. रागानं मार हाक. मनात राग धर, म्हन की ही माझ्या रिद्धीला खायला निघालीय. सोपं जाईल.

नेत्रा : नाही आत्या. आवाजात राग असला तर ती येणारच नाही. मग सगळं फुकट. बाबा, नेहमी मारता तशीच मारायची. तेवढ्याच मायेनं.

तुळशीदास : आणि आली की...

नेत्रा : हो.

तुळशीदास : तुझ्या आईला कळलं असतं ना, तर तिनं तुला घरात घेतलं नसतं.

नेत्रा : आईनं तुम्हाला आधी पाठवलं असतं. मग दार लावून रडली असती.

सुभद्रा : हे मात्र खरं. तशीच होती ती.

तुळशीदास : कधी जायचं?

नेत्रा : उद्या सकाळी. मी गाडी घेऊन येते.

तुळशीदास : डबा न्यायचा?

नेत्रा : न्या. वास नेहमीचाच हवा.

तुळशीदास : म्हणजे बोंबील आणायला हवेत. राजोडीला ताजे मिळतील.

सुभद्रा : अरे, तिला खायला मिळनार आहे का ते?

तुळशीदास : न मिळेना का. शिळे कशाला न्यायचे?

नेत्रा : बाबा, अजून एक. हे झालं की तिला पुन्हा भेटायचं नाही. सोडतानाही तुम्ही नसाल. लांबूनसुद्धा नाही.

तुळशीदास : ते कळलं मला. तू सांगायच्या आधी कळलं. ताई, तुझी माडीवरची खोली रिकामी आहे?

सुभद्रा : बियान्याचं भात ठेवलंय. पन हलवता येईल. का रे?

तुळशीदास : तिला सोडलं की मी येतो राहायला.

नेत्रा : बाबा! आता काय सांगितलं मी?

तुळशीदास : भेटायला कोण जातंय? डोंगराकडे पाऊलही टाकणार नाही. अंगणातच उभा राहीन.

सुभद्रा : अंगनात उभं राहून काय करनार?

तुळशीदास : संध्याकाळी शेळ्या हाकारीन.

सुभद्रा : त्या रिद्धी हाकारते की. छान येतात तिच्या हाकेला.

तुळशीदास : तिचा आवाज लहान आहे, ताई. वरपर्यंत जायचा नाही. मी मोठ्यानं मारीन. चुकून खाली आली असली, तर ऐकून लांब जाईल.