अण्णाच्या दुकानात मी रडत होते

मंडळी, एवढ्या उन्हात तुम्ही आलात. अण्णा गेला, आणि त्याच्या माघारी बोलायचं माझ्यावर आलं. धाकटी बहीण आहे, चांगली रडेल, म्हणून मलाच पुढं केलं असणार. बोलणं अवघड जातंय खरं. पण रडू येतंय म्हणून नाही. राग येतोय म्हणून.

आत्ता सगळे म्हणाले, अण्णानं फोटोच्या धंद्यात व्हिडिओ आणला आणि बजाजनगरात नाव काढलं. काढलं ना. कसं काढलं, ते मी सांगते.

दुष्काळाचं साल होतं. चारा नव्हता, म्हणून आमच्या बानं मेंढरं विकली. अण्णा म्हणाला, "बा, नुसत्या फोटोला आता कुणी इचारत नाय. कंपनीतली पोरं व्हिडिओ मागत्यात." बानं मेंढरांचे पैसे त्याच्या हातावर ठेवले. नवा कॅमेरा आला. टँकरच्या पाण्यावर माझं लग्न लागलं, आणि त्या कॅमेऱ्याचं पहिलं काम तेच.

पाठवणीला बानं मला पोटाशी धरलं. माझा बाप कुणाला जवळ घेणारा नव्हता हो. त्या दिवशी घेतलं. कानात म्हणाला, "सुमे, मेंढरांमागं तुलाबी धाडलं बघ." आम्ही दोघं ढसाढसा रडलो.

आणि अण्णा ओरडला, "थांबा! लाईट गेली व्हती. परत घ्या."

परत घ्या! मंडळी, बापाचं रडणं परत घेता येतं का? बा बावरला. पोराचं काम बिघडू नये म्हणून त्यानं मला पुन्हा धरलं. या वेळी काही बोलला नाही. नुसता कॅमेऱ्याकडं बघत राहिला. पाऊस बघायच्या आधीच तो गेला.

ती दुसरी मिठी अण्णानं दुकानातल्या टीव्हीवर लावली. वर्षानुवर्षं. शिफ्ट सुटली की माणसं थांबायची, बघायची आणि आत जाऊन लग्नाची तारीख सांगायची. तुमच्यातले कितीतरी जण मला बघूनच आत गेलात. आता माना खाली घालू नका. माझी सासू भाजी घेऊन तिथूनच यायची आणि विचारायची, "एवढं रडायला आमी तुला खातो व्हय?"

मी अण्णाच्या पाया पडले. म्हटलं, "बंद कर ते." तो हसला. "सुमे, तुझ्यावरच बुकिंग येतंय. लई खरं रडलीस."

अण्णा, ते खोटं होतं रे. खरं होतं ते अंधारात गेलं.

पुढं शेंद्र्याला दुसरं दुकान निघालं. तिथंही मीच रडत होते. वहिनी, वाईट वाटलं तर वाटू द्या. तुमचा बंगला माझ्या रडण्यावर उभा आहे.

परवा अण्णाला उचलताना मी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. तेवढ्यात त्याचा पोरगा अमोल कॅमेरा घेऊन पुढं आला. "आत्या, जरा इकडं तोंड करा."

बघा, आताही तो समोर उभा आहे. मी कधी रडते याची वाट बघतोय. नाही रडणार, बाळा. माझा भाऊ होता तो. त्याच्यासाठी पोटात जे काही आहे, ते मी घरी घेऊन जाणार आहे.

चला, उभं राहा सगळ्यांनी. अण्णासाठी घटकाभर गप्प राहू. पण एकदाच. खाली बसल्यावर हा "परत घ्या" म्हणाला, तर कुणी उठायचं नाही.