कपाटात काय होतं?

...नाही, पण तुम्हीच सांगा, रहस्यकथा लिहिणाऱ्या बाईंना स्टेजवर बसवून कुणी सरळ प्रश्न विचारावा का? मी विचारला! आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांनी आधीच दम भरलेला, "तुझ्या त्या विचारमंचातून लोक मधेच उठून जातात. आज खुर्च्या रिकाम्या दिसल्या, तर पुढच्या महिन्यापासून हॉल चादरींच्या सेलला!" चादरींच्या! जिथे माणसांनी विचार करायचा, तिथे उशीच्या अभ्र्यांवर सूट! म्हणून आठवडाभर खपून प्रश्न काढले. गुन्हा आणि विषमता, गुन्हा आणि शिक्षण... मला समाजावर बोलायचं होतं हो!

तर पहिला प्रश्न आपला सहज टाकला, "लेखनाकडे कशा वळलात?" बाई गोड हसल्या. "मी शाळेत गणित शिकवायचे. एकदा प्रयोगशाळेत गेले, तर कपाटातून खडखड! कुलूप बाहेरून. किल्ली आणली, दार उघडलं, आणि आत..." थांबल्या. पाण्याचा घोट घेतला. "हं, पुढचा प्रश्न?"

अहो, पुढचा कसला! पण मी शहाणा. विचारलं, "गुन्हेगार जन्मतो, की समाज त्याला घडवतो?" तर पहिल्या रांगेतल्या एक काकू मांडीवरची पिशवी सावरत उभ्याच राहिल्या, "ए बाळा, समाज राहू दे बाजूला! कपाटात काय होतं?" मागून टाळ्या! बाई म्हणतात कशा, "सांगते ना. त्याआधी शिपाई कुठे होता ते बघू." झालं! शिपाई झाला, त्याचा किल्ल्यांचा जुडगा झाला, प्रयोगशाळेतली उपडी बादली झाली... मी 'विषमता' म्हणायला तोंड उघडलं, की अख्खा हॉल "शूऽऽ!" मला! मुलाखत घेणाऱ्याला! मला समाजावर बोलायचं होतं हो!

बरं, अध्यक्ष आले होते रिकाम्या खुर्च्या बघायला. एक मिळेना! शेवटी दारातल्या पायरीवर बसले, आणि तिथून ओरडले, "बाई, आता सांगून टाका, माझं बीपी वाढतंय!"

तेव्हा कुठे बाई वदल्या, "आत मुख्याध्यापक! तपासणीला साहेब येणार म्हणून लपले, आणि शिपायानं नेहमीसारखं कुलूप घातलं!" हॉल नुसता फुटला हसून. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "बिचारे घामाघूम झाले होते. तेव्हा वाटलं, प्रत्येकजण कुणाला तरी घाबरून कुठेतरी लपलेला असतो. ते कपाट उघडायचं, एवढंच मी लिहिते." आणि मी? मी मनात ओरडतोय, अहो, हाच तर समाज! हेच तर मी विचारत होतो!

कार्यक्रम संपल्यावर अध्यक्षांनी पाठीवर थाप मारली, "हॉल तुझा! सेल रद्द. दर महिन्याला असंच होऊ दे." मी हवेत! "फक्त यापुढे प्रश्न त्या काकू विचारतील."

मंच वाचला ना, मग झालं तर! गेलो काकूंकडे, म्हटलं, "काकू, पुढच्या वेळी माझा एखादा प्रश्न घ्याल का हो?"

काकूंनी पिशवी खांद्याला अडकवली. "बघू. हात वर कर, सगळ्यांसारखा!"