तो चित्रपट पाहून आई घरी आली

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सचिव माननीय व्यंकटरावजी, व्यासपीठावर विराजमान प्रमुख पाहुण्या राजेश्री मॅडम, ज्यांच्यासाठी आपण सारे इथं जमलो ते आमचे सिद्धोधन सर, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या त्यांच्या पत्नी रोहिणीताई, माझे सहकारी, पालक, आणि आजी-माजी विद्यार्थ्यांनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार. मागं उभ्या असलेल्यांनी पुढं यावं. खुर्च्या रिकाम्या आहेत.

सरांनी मला आठवीत इतिहास शिकवला आणि पुढं याच शाळेत सहकारी म्हणून शेजारची खुर्चीही दिली. त्यांच्याविषयी गोड दोन शब्द बोलावेत अशी अध्यक्षांची आज्ञा आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांचे ते बोलून झालेले आहेत. सरांची शिस्त, सरांची सायकल, बाबासाहेबांच्या जयंतीला सरांनी भरवलेलं ग्रंथप्रदर्शन, यातलं काहीही मी नाकारत नाही. फक्त एका वाक्याशी माझं जमत नाही. मघाशी असं म्हटलं गेलं, की सरांचं चित्रपट मंडळ मोबाइलमुळं बंद पडलं, कारण घरोघर पडदा आल्यावर शाळेच्या हॉलमध्ये कोण येणार?

येत होते की! महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी या हॉलमध्ये सतरंज्या कमी पडायच्या. मंडळ मोबाइलमुळं बंद पडलेलं नाही. ते का बंद पडलं हे इथं बसलेल्या बऱ्याच जणांना माहीत आहे आणि सभ्यपणामुळं कुणी बोलत नाही. मला मात्र ते बोललं पाहिजे, कारण ते माझ्या घरातलं आहे. अध्यक्षमहोदय, मला थोडा वेळ जास्त लागेल.

शेवटचा चित्रपट दोन जादूगारांचा होता, हे आपल्याला आठवत असेल. हिंदीत आवाज दिलेला, परदेशी. एकाच शहरातले दोन जादूगार एकमेकांच्या जिवावर उठलेले. एका खेळात पहिला जादूगार बंद पेटीतून नाहीसा होतो आणि पुन्हा दिसतच नाही. सगळे दुसऱ्यावर संशय घेतात. तो रडून सांगतो, तो मेला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि शेवटी? त्याच दुसऱ्या जादूगाराच्या वाद्यवृंदात दाढी वाढवून बाजाची पेटी वाजवत बसलेला माणूस उभा राहतो. तोच तो. मेलेला नसतोच. दुसऱ्यानंच त्याला लपवलेलं असतं.

काय टाळ्या पडल्या होत्या! आपला मोबाइल दुकानवाला पप्पू सतरंजीवर उभा राहून शिट्टी वाजवत होता. हसू नकोस पप्पू, तुझं नाव येणारच होतं. दिवे लागल्यावर चर्चा सुरू झाली. मंडळाचा तो नियमच होता, चित्रपट पाहून कुणी मुकाट्यानं घरी जायचं नाही. पप्पू म्हणाला, "मला तर मध्यंतराच्या आधीच समजलं होतं. पेटीवाल्याचं तोंड दाखवतच न्हाईत, म्हणल्यावर काय ते समजावं न्हाई का?" त्याबरोबर दहा जणांना आधीच समजलेलं निघालं. कुणी म्हणालं, इतके दिवस त्याच्या बायकोनं त्याला कसं ओळखलं नाही, हे पटत नाही. एका मॅडमनी रहस्याची उकल फसवी आहे असं सांगितलं. खुद्द अध्यक्षांनी शेवटची दहा मिनिटं परत लावायला सांगितली होती. सर खूश होते. मी सरांना इतकं खूश क्वचित पाहिलं. ते म्हणाले, "बघा, एकाच पडद्याकडं पाहून आपण किती वेगवेगळं पाहतो."

त्या गर्दीत, खिडकीजवळच्या खांबाला टेकून, माझी आई बसली होती. कस्तुराबाई. एरवी ती चित्रपटाला येत नसे. जादूगारांचा आहे म्हटल्यावर ती स्वतःहून निघाली. चर्चेत ती एक शब्द बोलली नाही.

आता नव्या शिक्षकांसाठी सांगणं भाग आहे. माझे वडील गोपाळ, म्हणजे जत्रांमधले जादूगार योगीराज. जिंतूर, सेलू, गंगाखेड, जिथं जत्रा तिथं त्यांचा तंबू. चंदेरी कोट, डोक्याला फेटा, आणि 'हुजूर, मेहेरबान' अशी सुरुवात. त्यांचे प्रतिस्पर्धी राणीसावरगावचे जादूगार रंगनाथ. दोघांचं हाडवैर. एकानं कबुतर काढलं की दुसऱ्यानं ससा काढायचा. एकाच जत्रेत दोघांचे तंबू लागले की लोकांची चंगळ व्हायची.

मी चौथीत असताना बोरीला दोघं एकाच मैदानावर आले. वडिलांचा पेटीतून नाहीसं होण्याचा खेळ चालू होता. ते नाहीसे झाले, लोक थक्क झाले, आणि गर्दीतून रंगनाथांचा आवाज आला, "पेटीच्या मागं फळी हाय! फळी काढा, माणूस घावतोय!" पोरं स्टेजवर चढली. पेटी आडवी झाली. मागं माझे वडील गुडघ्यात मान घालून बसलेले होते, चंदेरी कोटासकट. सगळं मैदान हसलं. मी आईच्या मांडीवर होते. आई हसणाऱ्यांकडं बघत होती, वडिलांकडं नाही.

दुसऱ्या दिवशी वडील म्हणाले, "गंगाखेडला सुताराकडं नवी पेटी करायला टाकून येतो." आईनं भाकरी बांधून दिली. ते एस.टी.त बसले आणि परत आले नाहीत.

लोक काय बोलले असतील याची आपण कल्पना करू शकता. कुणी म्हणालं, रंगनाथनं काटा काढला. कुणी म्हणालं, योगीराज मोठा खेळ करायलाय, एक दिवस एकदम उगवंल. आईनं पोलीस स्टेशन, दवाखाने, पीर, देवस्थानं काही सोडलं नाही. कपाशी वेचून, लोकांची धुणी धुऊन मला डी.एड. केलं. मला नोकरी लागली त्या वर्षी चुलत काकांनी तिला समजावलं, की वैनी, माणसाला मोकळं करावं लागतंय. मग दर्भाचा पुतळा जाळून वडिलांची क्रिया केली. आईनं कुंकू पुसलं. त्या रात्री ती गाढ झोपली. पुढची बरीच वर्षं ती शांत होती. हसायची, शेजारच्या मालनबाईंच्या ओट्यावर बसून गप्पा मारायची. मंडळी, तिनं ते दुःख पचवलं होतं. हे मी मुद्दाम सांगते आहे.

तो चित्रपट पाहून आई घरी आली. मी चहा टाकला. बाहेर येऊन बघते तर ती आरशासमोर उभी आणि कपाळावर कुंकू.

मी म्हटलं, "आई, हे काय?"

"शिवे, तू पायलं न्हाईस का? त्यो मेला न्हवता. बसला होता पेटी वाजवत."

"आई, तो सिनेमा आहे."

"मग? सिनेमा करणाऱ्यानं कुठंतरी पायल्याबिगर केला का? जादूगार माणूस आसा मरत नसतोय. पुतळा जाळला आमी. माणूस न्हाई जाळला."

आपल्यापैकी किती जणांना वाटलं होतं, की शेवट भन्नाट आहे? सगळ्यांनाच. मलाही. आपण टाळ्या वाजवून घरी गेलो आणि जेवलो. एका बाईला मात्र तो शेवट खरा वाटला, आणि आपल्या चर्चेत तिला कुणी विचारलं नाही, की मावशी, तुम्हाला काय वाटलं.

मग तिनं धोसरा लावला, रंगनाथकडं चल. त्यानंच लपवलंय. मी टाळलं, समजावलं, रागावले. शेवटी घेऊन गेले. राणीसावरगावला रंगनाथ एका पत्र्याच्या खोलीत सुनेच्या आधारानं राहतात. हात कापतात. त्या हातांना आता पत्ताही धरवत नाही. आईला बघितल्याबरोबर ते उठून उभे राहिले.

आई दारातूनच म्हणाली, "कुठं ठिवलंय त्यांना? आता बास झालं. बोलवा."

ते खाली बसले. मग म्हणाले, "वैनी, गोपाळ न्हाई हो. बोरीच्या जत्रेनंतर मी गंगाखेडला उतरलो होतो. घाटावर गर्दी दिसली म्हणून गेलो. गोदावरीतून काढला होता. लोक इचारायलेत, कुणी वळखतंय का, कुणी वळखतंय का. म्या वळखला. पर तोंड उघडलं न्हाई. साऱ्या बोरीनं माजा आवाज ऐकला होता. मला वाटलं, माज्यावरच येतंय. बेवारस म्हणून जाळला त्याला. म्या लांबून पायलं." आणि ते हुंदके द्यायला लागले. एवढा म्हातारा माणूस तसा रडताना मी कधी पाहिला नव्हता.

मला ते खरं वाटलं. आजही वाटतं. वाटलं, आता आई फुटेल, रडेल, आणि एकदाचं संपेल.

आई हसली. "आसंच म्हणला होता त्यो बी. सिनेमातला. आसाच रडला होता."

"वैनी, आईची आण. डाव्या अंगठ्यावर तलवारीचा वण होता त्याच्या."

"त्यो वण साऱ्या जत्रांनी पायलाय स्टेजवर. ही बी तुमची जादूच हाय, रंगनाथ. तुमी लय हुशार. पर मी शेवट पायलाय."

इतकी वर्षं कुणीतरी येऊन खरं सांगावं म्हणून तिनं उंबरे झिजवले. आणि खरं सांगणारा भेटला तेव्हा ते ऐकायची तिची ताकदच गेली होती. मी रंगनाथांना शिव्या द्यायला हव्या होत्या. माझ्यानं झालं नाही. ते दारापर्यंत आले आणि मला म्हणाले, "पोरी, तिला एकदा तरी पटव." मी प्रयत्न केला. नदीकाठी नेऊ का, विचारलं. ती म्हणाली, "कामून? ते नदीत थोडेच हायेत."

ही हकीगत सरांच्या कानावर गेली तेव्हा सर आमच्या घरी आले. दोष कबूल करायलाच आले होते, चेहऱ्यावरून दिसत होतं. पण आईनं त्यांना बोलूच दिलं नाही. पाट दिला, चहा दिला, पदर धरून पाया पडायला गेली. "सर, तुमी लय उपकार केले. तुमच्यामुळं मला समजलं. न्हाईतर मी त्यांना मेलेलं समजून मेले आसते." सरांचा चहा तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रोजेक्टर संस्थेत जमा केला. पुढच्या रविवारी लोक आले तेव्हा हॉलला कुलूप होतं.

सर, मी तुम्हाला घरी येऊन सांगितलं होतं, की यात तुमचा दोष नाही. तुम्ही मान हलवली आणि ऐकलं नाही. म्हणून आज सगळ्यांदेखत सांगते आहे. तुम्ही चित्रपट दाखवला. तो चांगला होता. कुणाच्या मनात काय उसवेल हे दाखवणाऱ्याला कसं कळावं? असं मी म्हणते, आणि म्हणताना मला हेही माहीत आहे, की यानं तुमचं ओझं हलकं होणार नाही आणि माझ्या घरातलं काही बदलणार नाही. तुम्ही उद्या नांदेडला मुलीकडं राहायला जाल. माझी तक्रार नाही. पण खोटं बोलून निरोप द्यावा असंही वाटलं नाही. या गावात चित्रपट पाहून भांडायला तुम्ही शिकवलंत. ते आता होणार नाही. त्याची जागा भरेल असं कुणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही.

रोहिणीताई, तुम्ही सरांना सांभाळलंत, यापुढंही तुम्हालाच सांभाळायचं आहे. संस्थेनं मला बोलू दिलं, अध्यक्षांनी मध्ये चिठ्ठी पाठवली नाही, श्रोत्यांनी शांतपणे ऐकलं, याबद्दल सर्वांची मनापासून ऋणी आहे. प्रसंग निरोपाचा आणि मी घरचं गाऱ्हाणं मांडलं. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर लेकीचं बोलणं समजून पोटात घाला.

आणखी एक क्षमा मागायची आहे. नंतरच्या भोजनाला मला थांबता येणार नाही. आईला सरांच्या निरोपाला यायचं होतं, लुगडंसुद्धा काढून ठेवलं होतं. पण ऐन वेळी ती दारातच बसली. म्हणाली, "तू जा. मी गेले आन् ते आले, तर दाराला कुलूप बघून माघारी जातील." मी पोहोचल्याशिवाय ती जागची उठत नाही.