चाड्यातली वाळू

न्हाई म्हणले ना, फोटोवाले दादा — तिफण बाहेर निघणार न्हाई. मार्गशीर्ष लागला, आता कोण पेरतंय? औंदा पाऊसच न्हाई, पेरलेलं करपून गेलं, अन् तुमचे साहेब पेरणीचा फोटो मागून राहिले! चाकूरच्या बाजारातलं लेकरूबी हसंल. — हाव, मालकच हायत ते माझे. बायकोच मी, शेतावरची. लातूरच्या बंगल्यात न्हेत न्हाईत, निवडणूक आली की मातर म्हणतेत, सरजाबाईला उभी करा तिफणीमागं.

शेतकरी आमदार! बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघं खडी फोडायला होतो. मजुरांना प्यायला पाणी न्हाई म्हणून ह्यांनी कलेक्टर साहेबाची जीप अडवली, आडवे पडले रस्त्यात — खोटं कशाला बोलू, तवा धमक होती त्या माणसात. तेवढ्यावर दोनदा आमदार झाले. आता दिल्लीला जायचंय. नवा जिल्हा म्हणं ह्यांनीच आणला. आणला की! जिल्ह्याचं गाव जवळ आलं, पाण्याचा टँकर तेवढा आला न्हाई.

मागच्या खेपेला काढला की फोटो. ह्यांनी तिफण हाकली, म्या चाड्यावर मूठ धरली — त्या लाकडी वाटीतून बी सोडायचं काम बाईचंच असतंय, दादा. तवाचा फोटोवाला म्हणला, बाई, नुसता रिकामा हात धरा. म्या खरी ज्वारी सोडली. कामून म्हंजे? — सात वर्सांनी हात लावला होता त्यांनी तिफणीला. मला वाटलं, आता ऱ्हातेत. नवं लुगडं नेसले होते, येडी! फोटो झाला, निम्म्या वावरात तिफण सोडून जीपमधी बसले. मागं वळूनबी बगितलं न्हाई. राहिलेलं म्या एकटीनं पेरलं.

त्या पिशवीत काय हाय? — वाळू? चाड्यात टाकायला? साहेबांनी धाडली — बी वाया जाऊ नये म्हणून?

वाळू! चाड्यात वाळू! अवो, शेतकऱ्याच्या पोटचा ना तो? कणगीत पुढच्या सालची चार पायली ज्वारी हाय, दुसरं बी न्हाई घरात. त्यातली मूठभर सकाळीच काढून पदराला बांधली होती म्या, तुम्ही येणार म्हणून —

काही न्हाई. काही म्हणले न्हाई मी. उचला ती पिशवी. अन् जाताना फाटक लावा, जनावरं आत येतेत.