कॅलेंडरातली चौदस

(लातूर, मे २०१५. १९९३च्या भूकंपात गाव पडलं, माणसं इथं आली; त्या गावकऱ्यांच्या मंडळाचा हॉल कोचिंग क्लासच्या गल्लीत आहे. दिवसा तिथं पोरं अभ्यासाला बसतात. बारावी देऊन मोकळी झालेली ऋतुजा सुट्टीत मंडळाची वेबसाइट करते आहे. सोबत मंडळाचे सचिव, पेशानं शिंपी, मोहियोद्दीन आणि त्यांच्या जुन्या गावच्या विठाबाई.)

ऋतुजा : आणि चाचा, सगळ्यात भारी गोष्ट तर अजून दाखवलीच नाही! हे बघा, इथं नुसतं लिहिलं, "चहा, आज पाच वाजता". हे दाबलं. आता तुमचा फोन...

मोहियोद्दीन : अरे बाप रे! वाजला की! खिशात वाजला! "चहा, आज पाच वाजता. येणार, येणार नाही." हे तर मला विचारून राहिलंय!

ऋतुजा : विचारणारच. हे हिरवं कॅलेंडर. मघाशी बघितलं ते निळं. दोन्हींतलं एक आज ठरवायचं, वेबसाइटवर चढवायचं आणि रविवारी बैठकीत सगळ्यांना दाखवायचं.

मोहियोद्दीन : थांब बेटा, पुन्हा वाजला. कलीम हाय, नांदेडहून. "चाचा, पाचला कसं जमंल, आधी तरी सांगायचं." ह्याला कुणी बोलावलं?

ऋतुजा : अगं बाई! मी सगळ्या यादीलाच पाठवलं की काय?

मोहियोद्दीन : किती माणसं हायेत यादीत?

ऋतुजा : एकशे बारा.

मोहियोद्दीन : या अल्लाह! एकशे बारा चहा!

विठाबाई : माझा बी फोन थरथरून राहिला. कोण गेलं का काय?

ऋतुजा : कुणी नाही गेलं, आजी. चहा आहे.

मोहियोद्दीन : धर्माबादचा गुरुपादप्पा विचारून राहिला, आत्ता बस धरली तर पोहोचंन का. बेटा, ह्याला थांबव. लई हट्टी माणूस हाय, खरंच निघंल तो.

ऋतुजा : केलं रद्द. रद्द झाल्याचंही सगळ्यांना गेलं. पण चाचा, बघितलंत ना? दोन मिनिटांत नांदेड, धर्माबाद, सगळे बोलायला लागले! तुम्ही वीस वर्षं एकेकाला फोन लावत बसलात.

मोहियोद्दीन : फोन तर आत्ता आत्ताचे. आधी सायकल होती. कपडे शिवताना मशिनीवर चिठ्ठ्यांचा ढीग, आज कुणाला काय सांगायचं. दत्तनगरला जाऊन यावं तर औसा रोडचा माणूस रुसलेला. ह्याची किंमत मला मालूम हाय. हिरवं कबूल! घेऊन टाक!

ऋतुजा : एवढी घाई नको. निळं दिसायला किती देखणं आहे बघा. आणि त्यात एकदा तारीख टाकली की दरवर्षी आपोआप येते. पंधरा ऑगस्ट, तीस सप्टेंबरची श्रद्धांजली सभा, सगळं. परत हात लावायलाच नको. आणि लावता पण येत नाही, एकच माणूस बदल करू शकतो.

मोहियोद्दीन : म्हणजे कुणी खोडाखोड करणार नाही? हे बराबर हाय. आमच्या रजिस्टरात ज्याच्या हाती पेन, त्याचा हॉल. मग निळंच घेऊ.

ऋतुजा : चाचा! आत्ताच हिरवं कबूल म्हणालात.

मोहियोद्दीन : काय करू, दोन्ही आवडले. कापडाचे दोन थान समोर टाकले की गिऱ्हाइकाचं असंच होतं.

विठाबाई : मी इचारू का एक? त्यासाठीच आले व्हते मी आज.

ऋतुजा : विचारा की.

विठाबाई : माझी चौदस बसंल का त्यात?

ऋतुजा : कुठली चौदस, आजी?

विठाबाई : अनंत चौदस. गणपती बुडवून आलो, निजलो, आन् त्याच राती गाव गेलं.

ऋतुजा : पण ती तर तीस सप्टेंबर. ती आहेच ह्यात.

विठाबाई : तीस सगळ्यांची. हार घालत्यात, भाषणं करत्यात, चांगलं हाय ते. पर आमी बाया तिथीला बसतो. हितंच, हॉलात. एक समई लावायची, गेलेल्यांची नावं घ्यायची, पहाटं चार वाजेपतुर, भुई हालली त्या येळंपतुर. आदी लई जणी व्हतो, आता सात हाव. माझा श्रीमंत धा वर्सांचा व्हता.

ऋतुजा : मला हे माहीतच नव्हतं. मागच्या वर्षी पण बसलात इथं?

विठाबाई : मागल्या साली भाईर, पायरीवर. आत तुमचा पेपर चालू व्हता.

ऋतुजा : पेपर? थांबा. आठ सप्टेंबर? रात्रीची टेस्ट?

मोहियोद्दीन : गलती माझी, बेटा. कोचिंगवाल्यांनी हॉल मागितला. रजिस्टर उघडलं तर तीसला सभा लिहिलेली, आठ कोरी. देऊन टाकला. चौदस रजिस्टरात कुणी लिहिलीच नव्हती कधी. ह्या बायांना पाठ असते, म्हणून मलाही कधी सुचलं नाही. आठ महिने झाले, भाबींसमोर मान वर होत नाही माझी.

विठाबाई : मी कवा बोलले का तुला?

मोहियोद्दीन : बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

ऋतुजा : चाचा, मी आत होते. फिजिक्सचा पेपर. साडेदहाला बाहेर पडले, तेव्हा पायरीवर बायका बसलेल्या दिसल्या. मला वाटलं, पोरांना न्यायला आलेल्या आया आहेत.

विठाबाई : आया तर व्हतोच की.

ऋतुजा : आजी, आत्ताच्या आत्ता टाकते. यंदा कधी येते बघू.

विठाबाई : यंदा आखाड दोन हायेत. लांबंल. सप्टेंबर सरता सरता.

ऋतुजा : सत्तावीस सप्टेंबर! आजी, तुम्ही न बघता सांगितलंत!

मोहियोद्दीन : त्यांना पंचांग लागत नाही.

ऋतुजा : निळ्यात टाकली. दरवर्षी, हो. झालं! आता पुढच्या वर्षीचं बघू... सत्तावीस सप्टेंबर.

विठाबाई : न्हाई. अधिक सरला की म्हागं येती.

ऋतुजा : बरोबर, नेटवर पंधरा दाखवतंय. त्याच्या पुढच्या वर्षीही हे सत्तावीसच म्हणतंय. हो हो, ह्याला तिथी कळतच नाही!

मोहियोद्दीन : मग चांद कुठून कळणार.

ऋतुजा : चांद?

मोहियोद्दीन : काही नाही. आमची फातेहा, गेलेल्यांसाठीची दुआ, चांदाच्या तारखेवर असते. दरसाल दहा-अकरा दिवस मागं. गाव गेलं सप्टेंबरात, आणि अम्मीची फातेहा कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत. यंदा फेब्रुवारीत झाली. लोकांना काय म्हणून बोलावू? भूकंपाची याद फेब्रुवारीत?

विठाबाई : तुझ्या मायची, चांदबीची? मंग कोण असतं रे तुझ्याजवळ?

मोहियोद्दीन : बेटी सबिहा सासरी गेली तसा मी एकटाच. वाचतो, गल्लीतल्या पोरांना शिरणी वाटतो, दुकान उघडतो.

विठाबाई : आन् मला सांगितलं न्हाईस! चांदबीनं माझ्या श्रीमंताला पहिलं न्हाऊ घातलं. सव्वा महिना रोज सकाळी यायची. मला सांगितलं न्हाईस तू!

मोहियोद्दीन : चुकलो, भाबी.

विठाबाई : ते बी लिही गं पोरी त्यात.

ऋतुजा : लिहिते, दोन्ही लिहिते! म्हणजे निळं गेलं. हिरवं! हिरव्यात तारीख सरकवता येते, कुणालाही, फोनवरून. सरकवली की सगळ्यांना कळतं. फक्त...

मोहियोद्दीन : फक्त काय?

ऋतुजा : आपोआप होणार नाही. दरवर्षी कुणीतरी पंचांग बघायचं, चांदाची तारीख विचारायची आणि हातानं बदलायची. तेवढीच एक कमी आहे ह्याच्यात.

विठाबाई : ती कमी कशी? आपोआप आलं की कोण बघतंय? हातानं बदलावं लागलं, तर दरसाल एक माणूस तरी आठवण काढून बसंल.

ऋतुजा : मी बसेन.

विठाबाई : तू तर पुण्याला जाशील शिकाया.

ऋतुजा : पुण्यातून पण सरकते आजी, अमेरिकेतून पण सरकते! आणि मला नाही जमलं तर मी ज्याला शिकवीन तो बसेल. चाचा, ठरलं ना मग? की परत निळं?

मोहियोद्दीन : नाव काढू नको निळ्याचं! रविवारी मीच उभा राहून सांगतो सगळ्यांना. हिरवं, आणि का ते पण.

ऋतुजा : हे बघा, टाकलं. "अनंत चौदस, रात्रभर, हॉल बायांचा." आणि पुढची, दहा-अकरा दिवस मागं सरकून जानेवारीत, "चांदबींची फातेहा, तारीख चांद बघून." किती मस्त दिसतंय! आता चौदशीचं बोलावणं. ह्या वेळी नीट बघून पाठवते, एकशे बाराला नाही. आजी, त्या सात जणींचे नंबर सांगा.

विठाबाई : त्यांना कशाला? त्यांच्या ध्यानात हाय. ज्यांना ठावं न्हाई, त्यांना पाठव.